विश्लेषण : मातीतली पहिली बाइक… ड्युएल-स्पोर्ट घ्यावी की डर्ट बाइक?

एकाच कंपनीच्या दोन बाइक. इंजिन दोन्हींचे २३३ सीसीचे, किंमत दोन्हींची दोन लाख रुपयांच्या आसपास. एकीला आरटीओत नंबर मिळतो, दुसरीला मिळत नाही. कावासाकीच्या केएलएक्स २३० आणि केएलएक्स २३० आर एस या दोन मॉडेलमधला हा फरक शोरूममध्ये दोन वाक्यांत सांगून होतो. खारदांड्यासारख्या दाट वस्तीत राहणाऱ्या नवशिक्याची बाइक मात्र पुढची दोन-तीन वर्षे चालणार की ताडपत्रीखाली उभी राहणार, हे याच फरकावर ठरते. पहिली ड्युएल-स्पोर्ट आहे, दुसरी डर्ट बाइक. कोणती घ्यावी, याचे उत्तर इंजिनापेक्षा घराचा पत्ता जास्त ठरवतो.

हा प्रश्न आताच का?

दहा-बारा वर्षांपूर्वी हा प्रश्न फारसा कुणाला पडतच नव्हता, कारण निवडायला काही नव्हते. २०११ मध्ये हीरोने इम्पल्स ही १५० सीसीची बाइक आणली. उंच, हलकी, लांब शॉकअपची. पण ताकद बेताची. ती चालली नाही आणि बंद झाली. मातीत हात आजमावणारे त्या काळी जुनी यामाहा आरएक्स १०० शोधून तिला गॅरेजमध्ये घडवून घेत. मे २०१९ मध्ये हीरोनेच एक्सपल्स २०० आणली आणि सुरुवातीची किंमत लाखाच्या आत ठेवली, तिथून चित्र बदलले. पुढे चार व्हॉल्व्हची आवृत्ती आली, २०२५ मध्ये एक्सपल्स २१० आली. त्याच वर्षी केटीएमची ३९० एन्ड्युरो आर आली. कावासाकीची केएलएक्स २३० आधी तीन लाखांच्या पुढे होती. भारतात बनू लागल्यावर ती एकदम दोन लाखांच्या टप्प्यात आली. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला, त्याचाही हातभार लागला.

दुसरीकडे खेळाचे आकर्षण वाढले. बंगळूरुचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. २०२४ मध्ये केरळच्या हरिथ नोआने त्याच रॅलीत आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीला झाली, दुसऱ्या हंगामात सलमान खान तिचा चेहरा झाला. उडणाऱ्या बाइकचे तीस सेकंदांचे व्हिडीओ मोबाइलवर येतात आणि पाहणाऱ्याला वाटते, आपल्यालाही हीच हवी. व्हिडीओत जी उडते ती डर्ट बाइक असते. ती मैदानापर्यंत टेम्पोतून आलेली असते, हे व्हिडीओत दिसत नाही.

दोन्हींत नेमका फरक काय?

ढोबळमानाने, डर्ट बाइक फक्त मातीसाठी असते. हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, आरसे नाहीत, नंबर प्लेटची जागा नाही. शर्यतीच्या कित्येक मॉडेलना तर साधा साइड स्टँडही नसतो. ड्युएल-स्पोर्ट म्हणजे तीच कल्पना रस्त्याच्या नियमांत बसवलेली. दिवे, हॉर्न, एबीएस, धूर आटोक्यात ठेवणारा सायलेन्सर, मोठी बॅटरी हे सगळे लावले की वजन वाढते. किती वाढते, याचे उत्तर वरच्या जोडीतच आहे. रस्त्यावरची केएलएक्स २३० १३९ किलोची आहे, आर एस सुमारे ११५ किलोची. कायद्याचे ओझे साधारण २४ किलो, असे म्हणायला हरकत नाही.

पण ‘डर्ट बाइक’ हा एकच प्रकार नाही, आणि नवशिक्याची पहिली फसगत इथेच होते. केएलएक्स २३० आर एस ही मातीत फिरायची, शिकायची, सौम्य बाइक आहे. त्याच कंपनीची केएक्स २५० ही मोटोक्रॉस शर्यतीची आहे. आकडे पाहिले तर २३३ आणि २५० सीसी, शेजारीच वाटतात. प्रत्यक्षात केएक्सची ताकद दुपटीहून जास्त, वजन सुमारे १०८ किलो, सीट जमिनीपासून ९५० मिलिमीटरवर आणि किंमत कित्येक पटींनी अधिक. तिचे इंजिन खालच्या फेऱ्यांवर शांत असते आणि वर गेले की एकदम सुटते. नवशिका घाबरून हँडल घट्ट धरतो, धरता धरता थ्रॉटल आणखी पिळला जातो आणि बाइक पुढे, माणूस मागे, अशी गत होते. ‘अडीचशेचीच तर आहे’ हे वाक्य रस्त्यावरच्या बाइकबद्दल ठीक आहे, मोटोक्रॉसबद्दल नाही.

शॉकअपचीही तीच गोष्ट. चाक किती वर-खाली होऊ शकते, त्याला ट्रॅव्हल म्हणतात. एक्सपल्स २१० ला पुढे २१० मिलिमीटर मिळतो, मोटोक्रॉस बाइकला ३०० च्या पुढे. आकडा मोठा म्हणजे बाइक मऊ, असा समज होतो. उलट शर्यतीच्या बाइकच्या स्प्रिंग मोठ्या उड्या झेलायला कडक बसवलेल्या असतात. सावकाश चालणाऱ्या नवशिक्याखाली त्या धड दबतही नाहीत. तीच बाइक त्याला दगडासारखी लागते.

शिवाय शर्यतीच्या इंजिनाचे आयुष्य किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात. ऑइल, फिल्टर, पिस्टन हे किती तासांनी बदलायचे, ते पुस्तिकेत लिहिलेले असते. साध्या बाइकचे ऑइल हजारो किलोमीटरनी बदलायची सवय असलेल्याला हा हिशेब पहिल्याच महिन्यात जड जातो.

शिकायला चांगली कोणती?

इथे बाजू डर्ट बाइकची आहे, आणि ते मान्य करायला हवे. मातीत शिकणे म्हणजे पडणे. चिखलात आडवी झालेली ११५ किलोची बाइक एकट्याला उभी करता येते. १६८ किलोची एक्सपल्स २१० चौथ्यांदा उचलताना शिकण्याची हौस संपलेली असते. पडल्यावर डर्ट बाइकचे तुटायला काही नसते, ड्युएल-स्पोर्टचा आरसा, इंडिकेटर, क्लचची दांडी यांपैकी एक जातेच. हलक्या बाइकवर उभे राहून चालवणे, मागचे चाक घसरले तरी थ्रॉटल न सोडणे, वळणावर आतला पाय पुढे टाकणे हे लवकर अंगात भिनते.

तर मग वाद कसला? वाद तासांचा आहे. कुठलीही बाइक शिकवते ती चालवल्यावर. जी बाइक वर्षातून सहा वेळा टेम्पोत चढते, ती कितीही गुणी असली तरी सहा दिवसच शिकवते. जी रोज वांद्रे स्टेशनपर्यंत जाते, रविवारी कर्जतला जाते, ती क्लच, ब्रेक आणि तोल यांची शेकडो तासांची सवय लावते. खारदांड्यातून पाहिले तर हा मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांवर मात करतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ३९ सांगते की, नोंदणी नसलेले मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कुठेही चालवता येत नाही. कायद्याच्या व्याख्येतून सुटतात ती फक्त कारखान्यात वा बंदिस्त आवारात वापरायला बनवलेली खास वाहने. म्हणून डर्ट बाइकची जागा बंदिस्त ट्रॅक, खासगी आवार. खारचा पत्ता अंधेरी आरटीओच्या, म्हणजे ‘एमएच ०२’ च्या हद्दीत येतो. तिथे कितीही ओळख काढली तरी डर्ट बाइकला नंबर मिळत नाही, कारण रस्त्यासाठीचे मान्यता प्रमाणपत्रच त्या मॉडेलला नसते. बाहेरून हेडलाइट आणि आरसे लावून घेतले म्हणजे ती ‘लीगल’ झाली, हे गॅरेजमधले आश्वासन खोटे आहे.

विनानोंदणी वाहन चालवल्यास कलम १९२ खाली पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. दंड भरून मोकळे होता येईल, खरा धोका विम्याचा आहे. नोंदणी नाही म्हणजे तृतीय पक्ष विमा नाही. दांड्याच्या गल्लीत कुणी म्हातारे माणूस दारात बसलेले असते, मुले खेळत असतात, डोक्यावर पाटी घेतलेली बाई समोरून येत असते. धक्का लागून त्यांपैकी कुणी कायमचे जायबंदी झाले, तर अपघात दावा न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई विमा कंपनी नव्हे, बाइकचा मालक देणार. ही रक्कम कित्येक लाखांत जाऊ शकते आणि ती वसूल होते घरातल्या मिळकतीतून. मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोन लाखांच्या बाइकपायी घर पणाला लावण्याचा हा प्रकार आहे, आणि बाइक विकत घेताना हे कुणी सांगत नाही.

याच रांगेत आणखी एक वस्तू येते. ऑनलाइन बाजारात तीस-चाळीस हजारांत मिळणारी ४९ सीसीची छोटी ‘डर्ट बाइक’. दहावी झाल्याची भेट म्हणून ती घरी येते आणि सोसायटीच्या आवारातून हळूहळू रस्त्यावर उतरते. ‘पन्नास सीसीच्या आत असल्यावर कायदा लागत नाही’ हा समज चुकीचा आहे. कायद्याच्या व्याख्येतली सूट २५ सीसीपर्यंतची आहे. अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना गुन्ह्यात सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९ अ पालकाला किंवा मालकाला धरते. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही.

वाळू तर दारातच आहे, मग?

खारदांड्यातल्या मुलाला हा मोह होणारच. समोर समुद्र, ओहोटीला उघडी पडणारी जमीन, थोडे वर गेले की जुहूचा किनारा. पण किनारा हा सार्वजनिक जागाच आहे, तिथे नोंदणीचा नियम सुटत नाही. कोळीवाड्यात तर ती कामाचीही जागा आहे: होड्या ओढल्या जातात, जाळी पसरलेली असतात, मासळी सुकत असते. रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर गाड्या रुतल्याच्या आणि पोलिसांनी चालकांवर कारवाई केल्याच्या बातम्या दर सुट्टीच्या हंगामात येतात. गोव्यातही किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे. खाडीच्या बाजूची तिवरे हा आणखी वेगळा प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांची नासधूस रोखण्याचे सविस्तर आदेश दिले आणि सरकारी जमिनीवरची तिवरे राखीव वन म्हणून घोषित होत गेली. त्या चिखलात बाइक घालणे म्हणजे जंगलात विनापरवाना घुसणे.

तांत्रिक बाजूही आहे. खारे पाणी बाइकचे जे करते ते पाहायला किनाऱ्यावर जावेही लागत नाही. दांड्यात नुसती उभी असलेली बाइकही खाऱ्या वाऱ्याने गंजते: आधी स्पोक, मग चेन, मग सायलेन्सरचे नट. लाटेत घातलेली बाइक त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतली नाही, तर बेअरिंग आणि वायरिंगच्या जोडण्या काही आठवड्यांत बोलू लागतात.

खारदांड्यातून मातीपर्यंत जायचे कसे?

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या दुचाकीस्वाराला चांगले रस्ते बंद आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू दुचाकींना बंद, किनारी रस्ता बंद, अटल सेतू बंद, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही बंद. राहतो तो जुना मार्ग. शीव-पनवेल महामार्गाने पनवेल, जुन्या पुणे रस्त्याने चौक, तिथून कर्जत. एका बाजूला साठ-सत्तर किलोमीटर. उत्तरेला जायचे तर पश्चिम द्रुतगती महामार्ग, पुढे अहमदाबाद महामार्गाने मनोर आणि तिथून विक्रमगड, जव्हार. तिसरा पर्याय भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीचा. मार्च २०२० पासून ती सुरू आहे, बाइक बोटीत चढते आणि तासाभरात रायगड जिल्ह्यात उतरते.

या सगळ्या वाटा ड्युएल-स्पोर्टला खुल्या आहेत. पहाटे पाचला निघून कच्च्या रस्त्यावर दोन तास घालवून दुपारी जेवायला घरी, हे तिच्यावर जमते. डर्ट बाइकसाठी हेच काम छोटा हत्ती ठरवून करावे लागते. टेम्पो आत येणार नाही म्हणून बाइक गल्लीतून ढकलत बाहेर न्यायची, फळी लावून चढवायची, पट्ट्यांनी बांधायची, जाण्यायेण्याचे आणि थांबण्याचे भाडे द्यायचे. प्रत्येक खेपेला काही हजार रुपये आणि दोन माणसे. मित्रांत तिघांच्या बाइक असल्या तर भाडे वाटून घेता येते. एकट्याने तिसऱ्या खेपेनंतर उत्साह टिकत नाही. मग एखाद्या रात्री ‘फक्त कार्टर रोडपर्यंत’ म्हणून ती बाहेर काढली जाते. वरचा सगळा कायदा तिथेच सुरू होतो.

कच्चा रस्ता दिसला म्हणजे तो सगळ्यांसाठी खुला, असेही नाही. गावाला जोडणारा सार्वजनिक कच्चा रस्ता चालतो. शेताच्या बांधावरून जायचे तर शेतकऱ्याला विचारायला हवे; भातलावणीच्या दिवसांत विचारूही नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तुंगारेश्वर आणि कर्नाळा ही संरक्षित क्षेत्रे आहेत, माथेरानमध्ये मोटार वाहनांनाच मनाई आहे. सड्यांवर, पठारांवर टायर फिरला की पावसाळ्यात उगवणारी इवली झाडे त्या चाकोरीत पुन्हा उगवत नाहीत. कास पठारावर वाहने रोखावी लागली ती उगाच नव्हे.

उंची आणि वजन यांचे काय?

शोरूममध्ये बसून पाहिल्यावर बहुतेकांचा निर्णय इथेच होतो, आणि बऱ्याचदा चुकीचा होतो. केएलएक्स २३० ची सीट ८८० मिलिमीटरवर आहे, एक्सपल्स २१० ची ८३० वर. साडेपाच फुटी माणसाचे दोन्ही पाय सपाट टेकणार नाहीत. त्याची गरजही नाही. माणूस बसल्यावर शॉकअप काही सेंटिमीटर दबतो, सीट अरुंद असल्याने पाय सरळ खाली जातात आणि एका पायाचा चवडा टेकला तरी बाइक सांभाळता येते. सिग्नलला सीटवरून किंचित एका बाजूला सरकून तोच पाय खाली टाकायचा, ही सवय आठवडाभरात लागते. पण हलकी बाइक चवड्यावर पेलणे वेगळे आणि जड बाइक पेलणे वेगळे. नवी रॉयल एन्फिल्ड हिमालयन ४५० सीटला ८२५ मिलिमीटरचीच आहे, म्हणून ‘सोपी’ वाटते. तिचे वजन १९६ किलो आहे. लडाखसाठी ती चांगली. मातीत शिकायला नवशिक्याने ती घेऊ नये, भले मित्र काहीही म्हणोत.

सीट खाली आणण्यासाठी लिंक बदलून शॉकअप बसका करण्याची युक्ती गॅरेजमध्ये सुचवली जाते. तिने ग्राउंड क्लिअरन्स जातो आणि बाइकचे वळण बिघडते. सीटचा फोम थोडा कापून घेणे स्वस्त आणि परत फिरवता येण्यासारखे आहे.

पैशाचा हिशेब कसा लागतो?

नव्या ड्युएल-स्पोर्टवर किमतीच्या साधारण दहा-बारा टक्के रस्ता कर आणि पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा येतो. डर्ट बाइकला हे दोन्ही नाही, म्हणून कागदावर ती स्वस्त दिसते. टेम्पोचे भाडे, ट्रॅकचे शुल्क आणि उभी करायला बंद जागा यांचा खर्च धरला की ती बचत वर्षभरातच निघून जाते. शिवाय विकताना ड्युएल-स्पोर्टला गिऱ्हाईक सगळीकडे मिळते. डर्ट बाइकचे गिऱ्हाईक मोजके, आणि तेही घासाघीस जाणणारे.

विम्याबाबत एक बारीक ओळ वाचण्यासारखी आहे. दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. म्हणजे ड्युएल-स्पोर्ट घेऊन एखाद्या डर्ट ट्रॅकच्या स्पर्धेत उतरले आणि तिथे नुकसान झाले, तर दावा मिळेल असे धरून चालू नये.

नवशिक्याने नवी बाइक घ्यावीच असेही नाही. ती पडणारच आहे, तर आधीच पडलेली घेतलेली बरी. जुनी एक्सपल्स २०० लाखाच्या आत-बाहेर मिळते, भाग स्वस्त आहेत आणि खारपासून कर्जतपर्यंत कुठल्याही नाक्यावर तिचे काम जाणणारा मेकॅनिक सापडतो. उरलेल्या पैशांतून आधी बूट घ्यावेत. हेल्मेट सगळेच घेतात, बूट कुणी घेत नाही. आणि मातीत पाय बाइकखाली सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. साध्या बुटात घोटा मोडतो. घोट्याच्या वर जाणारे कडक बूट, गुडघा आणि कोपराचे गार्ड, छातीचे कवच, हातमोजे असा पंचवीस-तीस हजारांचा खर्च बाइकच्या किमतीतच धरावा. तो परवडत नसेल तर बाइक आणखी जुनी घ्यावी, पण बूट सोडू नयेत.

टायर हा पुढचा विषय. खोल ठोकळ्यांचे मातीचे टायर व्हिडीओत छान दिसतात. पावसाळ्यात मुंबईच्या ओल्या काँक्रीटवर आणि पेव्हर ब्लॉकवर ते साबणासारखे सरकतात. बाइक आठवड्यातले सहा दिवस शहरात चालणार असेल तर मध्यम खाचांचे टायर पुरतात. मातीत उतरताना हवा पंचवीस-तीसवरून वीसच्या आसपास आणायची, परतताना पुन्हा भरायची. त्यासाठी पायाचा छोटा पंप जवळ ठेवावा. स्पोकच्या चाकात ट्यूब असते, पुढची २१ इंची ट्यूब महामार्गावरच्या पंक्चरवाल्याकडे मिळेलच असे नाही; ती पिशवीत हवी.

मग डर्ट बाइक कुणी घ्यावी?

ज्याच्याकडे जागा आहे त्याने. कर्जत, मुरबाड किंवा अलिबागकडे घराची स्वतःची जमीन असेल आणि बाइक तिथेच राहणार असेल, तर केएलएक्स २३० आर एससारखी सौम्य डर्ट बाइक ड्युएल-स्पोर्टपेक्षा सरस ठरते. ज्याला खरोखर शर्यतीत उतरायचे आहे त्यानेही. भारतीय मोटारस्पोर्ट महासंघाच्या परवान्याने होणाऱ्या स्पर्धांत तयार व्हायचे तर कोवळ्या वयात छोट्या डर्ट बाइकवर, बंदिस्त ट्रॅकवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिकणे हाच रस्ता आहे. त्या पालकांनी ६० किलोच्या ६५ सीसीपासून सुरुवात करावी, मोठी होईल म्हणून मोठी घेऊ नये. ती शाळेच्या गणवेशाची युक्ती आहे, इथे चालत नाही.

बाकीच्यांसाठी मधला मार्ग आहे. डर्ट बाइक विकत न घेता तिच्यावर शिकणे. प्रशिक्षण केंद्रे बाइक आणि सुरक्षा साहित्य दोन्ही देतात; सी. एस. संतोषने कर्नाटकात कोलारजवळ उभारलेले बिग रॉक डर्ट पार्क त्यांतले परिचित नाव. दोन दिवस तिथे हलक्या बाइकवर पडून घेतले की स्वतःची ड्युएल-स्पोर्ट वेगळीच चालू लागते. आधी वर्ग, मग बाइक असा क्रम ठेवला तर आपल्याला ही हौस खरोखर आहे का, हेही दोन लाख घालण्याआधी कळते.

जुनी घेताना काय पाहावे?

मातीत चाललेली बाइक वाईट नसते, मातीत चालवून न धुतलेली वाईट असते. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर ऑइलची ओल आहे का ते बोटाने पाहावे. सील गेले असेल तर ते लगेच कळते. चाक हवेत उचलून फिरवावे, रिम डुलते का पाहावे, स्पोक एकेक करून पान्ह्याने हलके वाजवावेत. सैल स्पोकचा आवाज बोदा येतो. हँडल दोन्ही बाजूंना सारखे वळते का, मधोमध अडकल्यासारखे होते का, ते पाहावे. अडकत असेल तर स्टेअरिंगचे बेअरिंग गेले आहे. इंजिनाखालची पत्रा-पट्टी चेपलेली असणे साहजिक आहे, पण तिच्या मागे इंजिनाच्या आवरणाला जोड दिसला तर बाइक सोडून द्यावी. किनाऱ्याजवळच्या वस्तीतली बाइक असेल तर सीट काढून वायरिंगच्या जोडण्यांवर हिरवट थर आहे का, तेही पाहून घ्यावे.

कागदांत आरसीवरचा इंजिन आणि चासी क्रमांक बाइकवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळवावा, कर्जाची नोंद असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मागावा, फॉर्म २९ व ३० वर सही घेऊनच पैसे द्यावेत. विकणारा ‘कागद नाहीत, फक्त बिल आहे’ म्हणाला, तर ती डर्ट बाइक आहे किंवा चोरीची. किंमत कितीही कमी असो, दोन्ही बाबतींत तिला खारदांड्याच्या गल्लीत आणू नये.